खाटेपासून खुर्चीपर्यंत

यंदाच्या स्मरणिकेसाठी वैद्यकीय व्यवसायासंबंधी काही ऐतिहासिक मजकूर द्यावा, अशी सूचना संपादक मंडळाने आम्हांस केली. विषय समुद्रासारखा आणि आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यात सारे आयुष्य मुलांना इतिहास-भूगोल शिकविण्यात गेलेले. तेव्हा ह्या विषयाचा एकच पदर आम्ही हाती धरला आहे. रोग्याच्या खाटेजवळ उभा राहणारा डॉक्टर पुढे त्याच रुग्णालयाचा कारभार पाहणाऱ्या खुर्चीवर जाऊन बसतो. ही वाट आपल्या लोकांना केव्हा व कशी मोकळी झाली, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

हा पदर निवडण्यास एक निमित्त घडले. गेल्या वर्षी ज्ञातीतील एक गृहस्थ बोरिवलीस आमच्या घरी आले. त्यांची कन्या उपनगरातील एका रुग्णालयात भूल देणारी डॉक्टर आहे. तिला कारभाराच्या जागेवर घेण्याचे घाटत होते आणि घरात कोणालाच ते रुचले नव्हते. "गुरुजी, पोटाला चिमटा घेऊन पोरीला डॉक्टर केली, ती काय टेंडरांवर सह्या करायला?" असे ते कळवळून म्हणाले. त्यांचे दुःख खोटे नव्हते. आपल्या ज्ञातीत मूल डॉक्टर झाले की वार्षिक सभेत शाल व नारळ मिळतो. तेच मूल पुढे सुपरिंटेंडेंट झाले की शेजारीपाजारी ‘प्रॅक्टिस चालली नसेल’ अशी कुजबुज सुरू होते. आम्ही त्या गृहस्थांना विचार करून सांगतो म्हणालो. विचार लांबला, तो असा.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की ज्या खुर्चीला आपण आज नाक मुरडतो, ती खुर्ची मुंबई शहरात आपल्या माणसाला मिळण्यास सुमारे ऐंशी वर्षे लागली. १८४५ साली भायखळ्यास ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले आणि त्याच्या शेजारी सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून जे. जे. रुग्णालय उभे राहिले. १८५१ साली पहिली तुकडी बाहेर पडली. तीत डॉ. भाऊ दाजी होते. त्यांच्या बुद्धीविषयी कोणास शंका नव्हती. परंतु सरकारी वैद्यकीय नोकरीत एतद्देशीय पदवीधराने सब-असिस्टंट सर्जन व्हावे, एवढीच त्याची धाव. कॉलेजचे प्राचार्यपद, मोठ्या रुग्णालयांचे प्रमुखपद, जिल्ह्यांच्या सिव्हिल सर्जनच्या जागा ह्या बहुतेक सर्व ‘इंडियन मेडिकल सर्व्हिस’ नावाच्या नोकरीतील गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत. ही नोकरी मुळात पलटणीची. तिचे अधिकारी कर्नल, मेजर असे हुद्दे लावीत आणि युद्ध उभे राहिले की रुग्णालय सोडून सैन्याबरोबर जात. १८५५ सालापासून तिच्यासाठी खुली परीक्षा सुरू झाली खरी. पण परीक्षेस बसावयाचे ते लंडनला जाऊन. समुद्रपर्यटनाचे प्रायश्चित्त एकीकडे आणि बोटीचे भाडे दुसरीकडे. अशा स्थितीत आपल्याकडील किती मुले जाणार? भाऊ दाजींनी थोड्याच काळात सरकारी नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसाय केला. पुढे १८६९ व १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. नगराने त्यांना मान दिला; मात्र ज्या रुग्णालयात ते शिकले तेथील कारभाराची खुर्ची त्यांच्यासाठी नव्हती.

मग आपल्या डॉक्टरांना कारभाराचा पहिला अनुभव कोठे मिळाला? तो संस्थानांत मिळाला. ह्या गोष्टीकडे इतिहासकारांचे लक्ष कमी गेले आहे, असे आमचे मत आहे. ब्रिटिश मुलखात जो मनुष्य कोणा कर्नलच्या हाताखाली मदतनीस राहिला असता, तो बडोद्यास किंवा कोल्हापुरास खात्याचा प्रमुख होऊ शके. सर भालचंद्र कृष्ण भाटवडेकर हे बडोदे संस्थानच्या वैद्यकीय खात्याचे मुख्य होते. तेथून मुंबईस येऊन त्यांनी व्यवसाय केला आणि पुढे म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे अध्यक्षपदही भूषविले. माणसे, पैसा व औषधे यांचा मेळ घालण्याचे शिक्षण त्यांना बडोद्यास मिळाले होते, ते मुंबईच्या उपयोगी पडले.

कोल्हापूरचे उदाहरण तर प्रत्येक मराठी घरास ठाऊक आहे. परंतु त्यातील एक बाजू आपण विसरतो. १८८६ सालच्या मार्च महिन्यात आनंदीबाई जोशी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडल्या, तेव्हा कोल्हापूर दरबारने त्यांना नेमले ते आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून. म्हणजे एकवीस वर्षांच्या त्या मुलीच्या हाती रोगीही दिले होते आणि कारभारही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला व ती जागा तशीच राहिली. पुढे शाहू महाराजांनी त्याच रुग्णालयात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांना आणले, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक नवलाची गोष्ट दिसते. पुरुष डॉक्टरांना जी खुर्ची शहरात मिळत नव्हती, ती स्त्री-डॉक्टरांना आधी मिळाली. मुंबईत १८८६ साली कामा रुग्णालय निघाले, त्यामागे सोराबजी बंगाली व अमेरिकन व्यापारी किट्रेज यांनी जमविलेला फंड होता आणि रुग्णालय स्त्री-डॉक्टरांच्याच हाती असावे असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी इंग्लंडहून डॉ. एडिथ पीची आल्या. पडद्यातील बायका पुरुष डॉक्टरास नाडी दाखवीत नसत, म्हणून बाईस अधिकार द्यावा लागला. रूढीने एक दार बंद केले होते. त्याच्याच शेजारी हे दुसरे दार उघडले. डॉ. पीची यांच्या साहाय्याने ज्या लंडनला शिकावयास गेल्या, त्या रखमाबाई. नवऱ्याच्या घरी नांदण्यास नकार दिल्याबद्दल १८८४ पासून त्यांच्यावर जो खटला चालला त्याची कथा सर्वश्रुत आहे. तुरुंगात जाईन पण नांदणार नाही, हा त्यांचा बाणा होता. त्या खटल्यापेक्षा त्यांचे नंतरचे आयुष्य आम्हांस अधिक मोलाचे वाटते. १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या, परत आल्यावर सुरतेस स्त्रियांच्या रुग्णालयाच्या प्रमुख म्हणून त्यांनी दोन तपांच्या आसपास काम केले आणि १९१८ साली सरकारच्या स्त्री-वैद्यकीय सेवेत येण्याचे आमंत्रण नाकारून त्या राजकोटास स्त्रियांच्या रुग्णालयाच्या मुख्य झाल्या. हे आमंत्रण त्यांनी का नाकारले असेल? सरकारी साखळीतील एक कडी होण्यापेक्षा छोट्या संस्थानातील रुग्णालय स्वतःच्या मताने चालविणे त्यांनी पसंत केले असावे, असा आमचा तर्क आहे. वकिलांच्या वादात जिचे आयुष्य न्यायमूर्तींनी हाताळले, तिला हुकूम देण्याच्या जागेची किंमत इतरांपेक्षा अधिक कळली असल्यास आश्चर्य नाही. १९५५ साली मुंबईस त्या वारल्या.

अधिकार नसलेल्या डॉक्टरचे काय होते, हे १८९६ च्या प्लेगने दाखवून दिले. मांडवी भागातील रोग प्लेगच आहे, हे प्रथम ओळखले डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी. परंतु पुढल्या वर्षी मुंबईत जी प्लेग कमिटी नेमली गेली, तिच्या प्रमुखपदी बसविले ते ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांना. रोग ओळखला वैद्याने आणि कारभार दिला सेनापतीस! घरोघर शिरून झडत्या घेणाऱ्या त्या बंदोबस्ताने लोक किती भयभीत झाले, हे आमच्या आजीच्या तोंडून आम्ही ऐकले आहे. तिने ते तिच्या आईकडून ऐकले होते. डॉ. व्हिएगस १९०६ साली कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले, पण तोपर्यंत प्लेगचा पहिला कहर होऊन गेला होता.

आता मुख्य प्रसंगाकडे वळू. परळचे के. ई. एम. रुग्णालय व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय ही जोडी आपल्यापैकी प्रत्येक घराच्या परिचयाची आहे. लोकल पकडून परळला उतरावयाचे आणि केसपेपर काढावयाचा, हे उपनगरवासीयांस सांगावयास नको. परंतु त्या महाविद्यालयाच्या पायात एक अट पुरलेली आहे. देणगी देणाऱ्या विश्वस्तांनी म्युनिसिपालिटीस स्पष्ट बजावले होते की येथील प्राध्यापक व शिक्षक सरकारी नोकरीत नसलेले, स्वतंत्र व पात्र असे हिंदी लोकच असले पाहिजेत. पैसा हवा असेल तर खुर्ची आमच्या माणसास द्या, असाच त्याचा अर्थ. सभांतून ठराव करून जे मिळाले नाही ते एका मृत्युपत्राच्या पैशाने मिळविले. अर्जविनंत्यांपेक्षा अट घालणारा दाता कधी कधी अधिक काम करून जातो.

१९२५ साली तेथे अधिष्ठाता म्हणून आले डॉ. जीवराज मेहता. जन्म अमरेलीचा, शिक्षण ग्रँट कॉलेजचे व नंतर लंडनचे. परत आल्यावर बडोदे संस्थानात ते मुख्य वैद्यकीय अधिकारी होते. म्हणजे पुन्हा तीच बडोद्याची शाळा! महाविद्यालय आणि रुग्णालय ह्या दोहोंचा कारभार त्यांच्या एकट्याच्या हाती होता. गोरे अधिकारी म्हणत की हिंदी माणसे डॉक्टर म्हणून हुशार, पण त्यांच्याने कारभार व्हावयाचा नाही. ह्या म्हणण्यास त्यांनी भाषणाने उत्तर दिले नाही. १९४२ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षे, त्यांनी ते रुग्णालय चालवून दाखविले, आणि मग ‘चले जाव’च्या चळवळीत तुरुंगात गेले. स्वातंत्र्य आले तेव्हा देशाच्या आरोग्यसेवेचे महासंचालक, १९४८ साली बडोद्याचे दिवाण, पुढे मुंबई राज्याचे मंत्री आणि १ मे १९६० रोजी गुजरातचे पहिले मुख्यमंत्री, असा त्यांचा पुढील प्रवास आहे. महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाले त्याच दिवशी मुंबईच्या एका जुन्या डीनने गुजरातचा कारभार हाती घेतला, ही गंमत आम्ही वर्गात मुलांना आवर्जून सांगत असू.

परळच्या धड्यानंतर महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांना डॉक्टरच प्रमुख, ही रीत पक्की झाली. असहकाराच्या दिवसांत १९२१ साली निघालेले नॅशनल मेडिकल कॉलेज, जे पुढे टोपीवाल्यांच्या देणगीने त्यांच्या नावाचे झाले, ते १९४६ साली म्युनिसिपालिटीकडे आले. शीवचे रुग्णालय १९४७ साली लष्कराच्या बराकींत दहा खाटांनी सुरू झाले. १९५० साली अंधेरी-घाटकोपरचा मुलूख व १९५७ साली बोरिवली-मुलुंडपर्यंतचा मुलूख बृहन्मुंबईत आला आणि आपली उपनगरे महापालिकेच्या छत्राखाली आली. घाटकोपरचे राजावाडी, बोरिवलीचे भगवती, विलेपार्ल्याचे कूपर, मुलुंडचे अग्रवाल ही नावे आज आपल्या बायकामुलांच्या तोंडी आहेत. शहरातील मोठ्या रुग्णालयांना महाविद्यालय जोडलेले, म्हणून तेथे अधिष्ठाता. उपनगरांत महाविद्यालय नाही, म्हणून तेथे वैद्यकीय अधीक्षक. मान शहरातल्या डीनला आणि गर्दी उपनगरातल्या सुपरिंटेंडेंटला, अशी ही वाटणी आहे. २०१५ साली कूपरला महाविद्यालय जोडले गेले, तेव्हा पश्चिम उपनगरास स्वतःचा डीन मिळाला.

अधीक्षक करतो तरी काय, असे पुष्कळजण विचारतात. आम्हांस ते एका रात्री कळले. आमच्या सौभाग्यवतीस एका रुग्णालयात ठेवले होते. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. डॉक्टर उत्तम होते. त्यांनी जे इंजेक्शन लिहून दिले ते भांडारात होते. पण भांडाराच्या कपाटाची किल्ली भांडारपालाच्या खिशात व भांडारपाल रजेवर डोंबिवलीस. रात्री अकरा वाजता आम्ही बाहेरून ते विकत आणले. दुसऱ्या दिवशी एका वृद्ध सिस्टरने आम्हांस सांगितले की आधीचे साहेब होते तेव्हा दुसरी किल्ली मेट्रनच्या टेबलात असे. बस्स, एवढेच! दुसरी किल्ली कोठे ठेवावी हे ठरविणे म्हणजे कारभार. ते औषधाच्या पुस्तकात लिहिलेले नसते, आणि निव्वळ कारकून ते ठरवू शकत नाही. कारण कोणते इंजेक्शन अर्ध्या तासात लागते व कोणते सकाळपर्यंत थांबते, हे त्यास ठाऊक नसते. रात्रपाळीस किती परिचारिका, रिकाम्या जागा भरण्यासाठी कोणाच्या मागे लागावे, प्राणवायूचा साठा कोणत्या रेषेखाली गेला की फोन करावयाचा, लिफ्ट बंद पडली तर बाळंतीण कशी न्यावयाची, अशा शंभर गोष्टींत रोग्याचा जीव अडकलेला असतो. वर नगरसेवकांचे फोन आणि कामगार संघटनांची निवेदने आहेतच.

शीवच्या रुग्णालयातील एक उदाहरण ह्या बाबतीत फार बोलके आहे. तेथील नवजात बालकांच्या विभागात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी पाहिले की अपुऱ्या दिवसांची बाळे संसर्गाने दगावतात आणि परिचारिका तर बोटावर मोजण्याइतक्या. महागडी यंत्रे मागत बसण्याऐवजी त्यांनी नियमच बदलला. ज्या आईला वॉर्डाबाहेर बसवीत, तिलाच आत घेऊन बाळाची काळजी घेण्यास शिकविले आणि वरच्या दुधाऐवजी आईच्या दुधावर भर दिला. ज्या बाळास आईचे दूध मिळत नाही त्याच्यासाठी १९८९ साली तेथे मातृदुग्धपेढी निघाली. ती आशिया खंडातील पहिली मानली जाते. डॉ. फर्नांडिस पुढे त्या रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या आणि १९९९ साली त्यांनी ‘स्नेहा’ ही संस्था काढून धारावीसारख्या वस्त्यांतील माता-बालकांचे काम हाती घेतले. ह्यात इंजेक्शन कोणते आणि कारभार कोणता, हे वेगळे करून दाखविणे आम्हांस तरी शक्य नाही.

त्याच रुग्णालयाच्या अधिष्ठातापदावरून डॉ. स्नेहलता देशमुख ह्या १९९५ साली मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. लहान मुलांच्या शस्त्रक्रियेत त्यांचा हात नामांकित. कुलगुरू असताना विद्यार्थ्याच्या पदवीपत्रावर आईचेही नाव घालण्याची रीत त्यांनी सुरू केली. आमच्या नात्यातील एका मुलीचे पदवीपत्र आले तेव्हा तिच्या आईने ते तीनदा हाती घेऊन पाहिले; चौथी नापास झालेल्या त्या माउलीचे नाव छापील अक्षरांत प्रथमच आले होते. डॉ. देशमुख २०२४ साली निवर्तल्या.

खासगी रुग्णालयांची गोष्ट निराळी. अंधेरी, मुलुंड, पवई येथे गेल्या काही दशकांत पंचतारांकित म्हणावीत अशी रुग्णालये उभी राहिली. तेथे ‘मुख्य कार्यकारी अधिकारी’ असे नाव असते. ती जागा कधी डॉक्टरकडे, कधी व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्याकडे. पगार मोठा, गाडी मोठी. परंतु तेथे मालकास नफ्याचा हिशेब द्यावा लागतो, आणि बिल व रोगी यांच्यामध्ये उभे राहावयाची वेळ आली की डॉक्टराचीच कसोटी लागते. ह्याविषयी अधिक लिहिण्याइतकी आमची माहिती नाही.

२०२० सालच्या करोनाने मात्र ह्या साऱ्या इतिहासाचा जणू पुन्हा एकदा पाठ घेतला, आणि तो आपल्याच उपनगरांत. गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन मैदानात हजाराहून अधिक खाटांचे केंद्र उभे राहिले. त्याची धुरा दंतवैद्यक महाविद्यालयाच्या अधिष्ठाता डॉ. नीलम अंद्रादे यांच्याकडे होती. मरोळचे सेव्हन हिल्स रुग्णालय करोनासाठी घेतले गेले, तेथे सामाजिक वैद्यकाचे प्राध्यापक डॉ. बाळकृष्ण अडसूळ प्रमुख होते. मुलुंडलाही कारखान्याच्या जागेत मांडव घालून खाटा लावल्या. दातांच्या डॉक्टरने तापाचे रुग्णालय चालवावे, ह्याचे काहींना हसू आले असेल. परंतु १८९७ साली हेच काम एका जनरलकडे दिले होते, हे आठवले म्हणजे हसू ओसरते. तेव्हा लोक रुग्णालयाच्या नावाने पळत होते. ह्या वेळी आपल्या सोसायट्यांतील माणसे खाट मिळावी म्हणून फोन करीत होती. रोगाचे ज्ञान वाढले हे खरेच. पण खुर्चीवर बसलेले माणूस वॉर्डातून आलेले होते, ह्याचाही त्यात वाटा आहे, असे आम्ही समजतो.

ह्यात नुकसान काहीच नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. चाळीस वर्षांच्या वयात ज्याच्या हाताला खरी धार आलेली असते त्याला फायलींत बसविले, तर ती धार बोथट होते व कित्येक रोगी त्या हाताला मुकतात. म्हणून अशा डॉक्टराने आठवड्यातून एक-दोन दिवस तरी ओपीडी अथवा शस्त्रक्रियागृह सोडू नये, असे आमचे अडाणी मत आहे. शिवाय चांगला डॉक्टर आपोआप चांगला कारभारी होतो, हाही भ्रम आहे. हिशेब, कायदा, माणसांची नेमणूक ह्या गोष्टी शिकाव्या लागतात. जीवराज मेहतांना त्यासाठी बडोदे होते. आजच्या मुलांसाठी आपल्या जवळच, देवनारला, टाटा समाजविज्ञान संस्थेत रुग्णालय व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. आपल्या ज्ञातीच्या शिष्यवृत्ती निधीच्या नियमांत ‘वैद्यकीय पदवी’ एवढेच शब्द आहेत. त्यांत ह्या शिक्षणास जागा नाही. येत्या सर्वसाधारण सभेत नियम क्रमांक सातमध्ये तशी दुरुस्ती सुचविणारे पत्र आम्ही चिटणीसांकडे दिले आहे. सभासदांनी सभेस यावे व त्यावर मोकळेपणी बोलावे.

आणखी एक विनंती. ज्यांच्या घरी वडील, आजोबा, आत्या किंवा मावशी कोठल्याही दवाखान्यात, रुग्णालयात अथवा संस्थानात डॉक्टर, मेट्रन, कंपाउंडर वा भांडारपाल म्हणून होत्या, त्यांच्या नेमणुकीची जुनी पत्रे ट्रंकेत पडली असतील. ती रद्दीत न घालता त्यांची नक्कल कार्यालयात आणून द्यावी. मूळ कागद त्याच दिवशी परत मिळेल. कार्यालय रविवारी सकाळी दहा ते बारा उघडे असते.